कूलर बंद, मग सारंगी: नागपुरात घरच्या खोलीतून मालिकेचं पार्श्वसंगीत

मे महिन्यात नागपुरात कूलर बंद केला की खोली वीस-पंचवीस मिनिटं साथ देते. त्यानंतर सारंगीवाल्या काकांचा घाम गजावर उतरायला लागतो आणि बासरी हळूच वर सरकते. मालिकांचं पार्श्वसंगीत मी अशा वीस-पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करतो. दिग्दर्शक मुंबईत, वादक नागपुरात आणि फाइली नेटवरून, असं काम आता सर्रास चालतं. बासरी, सारंगी, पेटी, तबला, खंजेरी अशा खऱ्या वाद्यांवर ते कसं उभं करायचं ते इथे क्रमानं लिहितो. कीबोर्डवरच्या सॅम्पल्सनी भागतं हे मला मान्य आहे, मीही अनेकदा भागवतो. ज्यांना भागवायचं नाही त्यांच्यासाठी हा लेख.

चित्रावर वाजवायचं की बँक भरायची?

काम आलं की पहिला प्रश्न हाच विचारा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधल्या रोजच्या मालिकेचा भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा असतो. रोज २२ मिनिटांवर नवं संगीत कुणीच करत नाही. आपण सुरुवातीला थीमची (पात्राला किंवा भावनेला ठरवून दिलेल्या सुरावटींची) बँक, म्हणजे तयार साठा, करून देतो आणि पार्श्वसंगीत लावणारा संपादक ती प्रत्येक भागावर कापून लावतो. मर्यादित भागांच्या किंवा वेबवरच्या मालिकेत मात्र लॉक झालेलं, म्हणजे संकलन पूर्ण झालेलं, चित्र हातात येतं आणि प्रसंगागणिक संगीत करावं लागतं.

दोन्ही कामांची रीत वेगळी. बँकेसाठी रचलेला तुकडा कुठेही कापता आला पाहिजे. त्यात दर आठ-दहा सेकंदांनी श्वास घ्यायची जागा हवी, शेवट लांब विरणारा हवा आणि सुरुवात अशी हवी की मधूनच लावली तरी दचकवणार नाही. मी पहिली बँक केली तेव्हा एकेक थीम तीन मिनिटांची, अंतरा-बिंतरासकट केली होती. मैफलीत छान वाटली असती. संपादकानं त्यातले पहिले नऊ सेकंद उचलले आणि पुढचे सहा महिने तेच वाजवले. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला कापता येण्यासारखं तेवढंच होतं.

बँकेत मी साधारण आठ-दहा थीम देतो: मुख्य पात्रं, घर, दोघांमधलं प्रेम, ताण, एखादी हलकीफुलकी. त्याशिवाय दोन-तीन सेकंदांचे ठोके. भागाच्या शेवटी चेहऱ्यावर चित्र थांबतं तिथे ते लागतात. हे ठोके आधी करा, कारण सगळ्यात जास्त वाजणार तेच.

ब्रीफ आणि ढोलकीचा मोह

मुंबईहून येणारं ब्रीफ, म्हणजे दिग्दर्शकाची मागणी, बहुधा अशी असते: "सर, थोडं सॅड, पण होपफुल." त्यावर वाद घालू नका. उलट विचारा, या प्रसंगात आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत? मुलगी दहा वर्षांनी घरी परत येते, तेव्हा संगीत मुलीचं की दारातल्या आईचं? उत्तर मिळालं की वाद्य आपोआप ठरतं. आणि पटकथेचे निदान पहिले दहा भाग मागून घ्या. ज्या पात्राला तुम्ही गोड बासरी दिली ते पाचव्या भागात विष कालवताना दिसलं, तर बासरीही कामातून जाते.

या लेखात मी तोच प्रसंग उदाहरणाला धरतो: नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा, दार उघडतं, आई समोर. वाद्यं चारच: सारंगी, बासरी, पेटी, खंजेरी. चारपेक्षा जास्त वाद्यं घेतली की मालिकेला स्वतःचा आवाज राहत नाही, असा माझा अनुभव.

सारंगी आईला द्यावी असं कुणालाही पटकन सुचेल. पण जरा थांबा. राष्ट्रीय दुखवट्यात आकाशवाणी-दूरदर्शनवर सारंगी वाजायची, आणि ते ऐकलेली पिढी आज मालिकांची मुख्य प्रेक्षक आहे. तार सप्तकात सारंगी काढलीत की घरात कुणीतरी गेलं असंच त्यांना वाटणार. मंद्र आणि मध्य सप्तकात, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कमी ठेवून वाजवली तर तीच सारंगी घरातल्या वडीलधाऱ्या बाईसारखी बोलते.

दुसरा मोह ढोलकी-तुणतुण्याचा. कथानक ग्रामीण म्हटलं की पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशाचा ठेका मागितला जातो. कथा विदर्भातल्या पवनीची किंवा ब्रह्मपुरीची असेल तर तो ठेका तिथला नाही. आपल्याकडे तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे गावोगावी पोचलेली खंजेरी आहे, पूर्वेकडे दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार आहेत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीपुढे वाजणारे ताशे आहेत. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र इथेच सिव्हिल लाइन्सला आहे. तिथल्या लोककलांच्या कार्यक्रमांना मोबाइल खिशात ठेवून नुसतं ऐकत बसा.

वादक शोधताना पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीकडेही बघा. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव नाटकं करतात आणि त्यांना साथ प्रत्यक्ष वाजवली जाते. नट श्वास घेतो तिथे सूर भरायचा आणि तो बोलला की खाली जायचं, हे तिथल्या पेटीवाल्याला शिकवावं लागत नाही. मैफलीतल्या उत्तम वादकाला शिकवावं लागतं, आणि तो कधीकधी रुसतोही.

पट्टी आधी, चाल नंतर

संगीतकार चालीपासून सुरुवात करतात. इथे पट्टीपासून, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा तिथपासून करा. मोठ्या बासरीला पांढरी तीन (पेटीवरचा E) ही सवयीची पट्टी. तुमच्या सारंगीवाल्याला ती चालते का, तबला त्या पट्टीचा आहे की पंचमात लावावा लागेल, हे चाल सुचायच्या आधी विचारून घ्या. शक्यतो सगळी बँक एकाच पट्टीत ठेवा. संपादक आईच्या थीमवरून ताणाच्या थीमवर जाईल तेव्हा दोन्ही तुकडे दोन-तीन सेकंद एकमेकांवर वाजतील. पट्ट्या जुळत नसतील तर ते दोन-तीन सेकंद दात आंबवतात.

स्वरांचंही तसंच. एका थीममध्ये शुद्ध मध्यम ठाण मांडून बसला असेल आणि दुसरीत तीव्र, तर त्या दोघी शेजारी लागणार नाहीत याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही. म्हणून मी लांब ठहराव (सूर धरून थांबायच्या जागा) षड्ज (सा), पंचम (प) आणि दोन्ही थीमना चालेल अशा गंधारावरच ठेवतो. बाकीचे स्वर येऊन जातात, बसत नाहीत. अख्खा राग मांडायचा नाही. चार-पाच स्वरांची एक ओळख पुरते. ती स्वयंपाकघरातून टीव्ही न बघता ऐकू आली, तरी "आई आली वाटतं" असं कळलं पाहिजे.

आता संवाद. बोलण्यातली व्यंजनं, म्हणजे ज्यांच्यामुळे शब्द समजतात ते आवाज, बरेचसे १ ते ४ किलोहर्ट्झच्या टापूत असतात. वर चढलेली बासरी आणि सारंगीचा अनुनासिकपणाही तिथेच वावरतो. मिक्समध्ये कापून हे थोडंफार सुधारता येतं, पण खरी दुरुस्ती रचनेत. बोलणं असेल तिथे खालचं सप्तक आणि लांब सूर, हालचाल दोन वाक्यांच्या मधे. मी संवाद आधी कागदावर सेकंदांसकट लिहून काढतो आणि कोऱ्या जागांना खूण करतो. सव्वा मिनिटाच्या प्रसंगात वाजवण्यासारखी जागा कधी कधी चौदा सेकंदच निघते. मग चौदा सेकंदांचंच संगीत करायचं.

सम कुठे पडते

चित्रावर वाजवायचं असेल तर गणित करावंच लागतं, पण ते सोपं आहे. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आपल्या प्रसंगात संगीत सुरू झाल्यापासून दार उघडतं ३१ सेकंद १० फ्रेमवर, म्हणजे ३१.४ सेकंदांना. सहा मात्रांचा दादरा ताल घ्यायचा ठरवला. सहा आवर्तनं म्हणजे ३६ मात्रा संपून सातव्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) दारावर यायला हवी. ३६ ला ६० नं गुणायचं आणि ३१.४ नं भागायचं. उत्तर येतं ६८.८. मिनिटाला ६८.८ मात्रांची लय धरली की सम दारावर पडते, चूक एका फ्रेमच्याही आत राहते. लय फारच संथ किंवा घाईची निघाली तर आवर्तनं एकानं कमी-जास्त करा, पात्राच्या चालण्याला शोभेल ती लय निवडा.

एवढा खटाटोप करून मी बहुतेक वेळा ती सम वाजवतच नाही. पाच आवर्तनं खंजेरी अगदी बोटांच्या टोकांनी, सहाव्यात फक्त सारंगीचा एक सूर, आणि दार उघडतं तेव्हा काहीच नाही. आईचा चेहरा दिसल्यावर आठ-दहा फ्रेमनी पेटीचा खालचा षड्ज. प्रेक्षकाच्या कानाला सम अपेक्षित असते, ती आली नाही की तो स्वतःच पुढे सरकतो. पण सम कुठे आहे हे तुम्हाला नेमकं ठाऊक असेल तरच ती गाळता येते, त्यामुळे गणिताला सुटका नाही.

खोली, ऊन आणि कोकीळ

माझी खोली दहा बाय बारा फुटांची. दोन भिंतींना गाद्या उभ्या, वादकाच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या, खाली सतरंजी, एका कोपऱ्यात कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट. फोमचे महाग चौकोन लावण्याआधी हे करून बघा. पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतो आणि खोली बोदड्या आवाजाची होते. खालच्या सुरांचा घुमारा कोपऱ्यांत साठतो, तेव्हा वादकाला कोपऱ्यातही बसवू नका आणि खोलीच्या नेमक्या मध्यावरही नको.

आवाजांची यादी प्रत्येकाच्या घरची वेगळी. माझ्याकडे पंखा, कूलर, फ्रीज, इन्व्हर्टरची गुणगुण, वरून उतरणारी विमानं आणि लग्नसराईत वरातीचा डीजे. फ्रीज बंद करताना कारची किल्ली फ्रीजवर ठेवतो, म्हणजे निघताना तो परत सुरू करायची आठवण राहते. एकदा विसरलो होतो. पनीर गेलं आणि घरचा मूडही. अर्थिंग नीट नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा, अर्धी गुणगुण जाते. पहाटे शांतता असते म्हणून पहाटेचं रेकॉर्डिंग ठेवाल, तर एप्रिल-मेमध्ये कोकीळ बासरीच्याच टापूत गातो आणि थांबत नाही. उन्हाळ्यात सर्वात निवांत वेळ दुपारी दोन ते चार. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नेमकी तेव्हाच खोली भट्टी होते.

आता या सगळ्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. बासरीतली हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि सूर चढतो. कागदावर हिशोब अंशाला साधारण तीन सेंट. पेटीच्या लगतच्या दोन सुरांत शंभर सेंटचं अंतर असतं हे लक्षात घेतलं की अंदाज येतो. एसी लावून २४ अंशांवर आणलेली खोली आणि एसी बंद केल्यावर ३४ अंशांवर गेलेली खोली, यांत तीस सेंटांचा फरक पडू शकतो. फुंक मुळातच कोमट असल्यानं प्रत्यक्षात तो काहीसा कमी भरतो, पण कानाला खुपायला पुरेसा. सारंगी-सतारीच्या तारा मात्र तापल्या की उतरतात. म्हणजे एकाच खोलीत एक वाद्य वर आणि दुसरं खाली.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. मी एका दुपारी बासरी घेतली, एसी बंद, सलग दीड तास. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड खोलीत त्याच्यावर सारंगी. दोघंही आपापल्या जागी उत्तम वाजले होते. एकत्र लावल्यावर मात्र असं वाटलं की दोन शेजारी भिंतीपलीकडून भांडताहेत. संगणकावर सारंगी वर खेचली तर मींडेत पत्र्यासारखा आवाज यायला लागला. शेवटी काकांना पुन्हा बोलावलं, पुन्हा मानधन दिलं.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. वाद्यं खोलीत आणून अर्धा तास नुसती ठेवायची, मग लावायची. दर सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक वाद्याचा दहा सेकंदांचा लांब षड्ज रेकॉर्ड करायचा. एसीनं खोली २७-२८ अंशांवर आणायची, एसी बंद, वीस मिनिटं काम, एसी सुरू, चहा, पुन्हा षड्ज तपासायचा. वहीत तारीख, अंश आणि बासरी किती सेंट वर-खाली ते लिहायचं.

पावसाळ्यात तंटा उलटा. तबल्याची पुडी (वरचं चामडं) ओल धरून सैल पडते, सूर खाली येतो आणि बोल बसका वाटतो. सारंगीची तात (आतड्याची तार) दर दहा मिनिटांनी उतरते. मे महिन्यात तीच पुडी कोरडी पडून ताठ होते, कधी फाटतेही. बँक करायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीसारखे महिने नाहीत, पण मालिका आपल्या हवामानावर सुरू होत नाही.

माइक कुठे ठेवायचा

एक बरा कंडेन्सर माइक आणि बरी खोली, यांवर नव्वद टक्के काम होतं. दोन सारखे छोटे कंडेन्सर मिळाले तर उत्तमच.

सारंगीचा आवाज कातड्यानं मढवलेल्या पोटातून आणि घोडीजवळून (तारा जिच्यावर टेकतात तिथून) येतो, तेव्हा माइक समोरून दोन-अडीच फुटांवर, घोडीच्या उंचीपेक्षा थोडा वर. फार जवळ गेलात की नखं तारेवर घासल्याचा आवाज येतो. तो पूर्ण जाऊ देऊ नका, सारंगी खरी असल्याची खूण तीच आहे. पण गजाचा खरखराट डोकावला की अर्धा फूट मागे. तरफांचा (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारांचा) झंकार हवा असेल तर शेवटच्या सुरानंतर वादकाला गज उचलून श्वास रोखून बसायला सांगा. दहा सेकंदांची ती शेपटी संपादकाला सोन्यासारखी वाटते.

बासरीच्या तोंडासमोर माइक कधीच नको, नुसती फुंक येते. वादकाच्या कपाळाच्या उंचीवर, दीड-दोन फूट पुढे, फुंकेचं छिद्र आणि पहिली बोटं यांच्या मधे रोखून ठेवा. बासरीवाले डोळे मिटून डुलतात. सतरंजीवर चिकटपट्टीची खूण करा आणि त्यांच्या गुडघ्याला ती लागेल असं बसवा. फुंक संपून पुढचा श्वास घेतल्याचा आवाज मी कापत नाही. मालिकेत सगळं इतकं गुळगुळीत असतं की तेवढा एक श्वास माणूस वाटतो.

पेटीचा शत्रू भाता. माइक भात्याच्या बाजूला नको, वरून दोन फुटांवर, झाकण लावून, कपलर (सोबत दुसरं सप्तक वाजवणारी सोय) काढून. खंजेरी चार-पाच फूट लांब, नाहीतर तिच्या चकत्या कान फाडतात. तबल्यावर वरून दीड-दोन फुटांवर माइकची जोडी, बस्स. दोन वादक एकाच वेळी वाजवत असतील तर दोन माइकमधलं अंतर माइक ते वाद्य या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा.

सेटिंग: सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. गाण्यांची सवय असलेले ४४.१ वर राहतात. तशी फाइल ४८ च्या प्रकल्पात न बदलता वाजली तर ती जवळजवळ दीडशे सेंट वर चढते, आणि ३१.४ सेकंदांची आपली सम २८.८५ ला येऊन पडते. लेव्हल अशी ठेवा की सर्वात जोरदार सूरही उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. २४ बिटमध्ये जोर लावायची गरज नसते.

वादकाच्या कानात काय द्यायचं

मेट्रोनोमची टिकटिक देऊ नका. निदान आपल्या वादकांना नको. मी तानपुरा आणि मंद आवाजात तबल्याचा ठेका देतो, लय तीच ६८.८. वादकाला समेचं वजन कळतं, टिकटिकीत सगळ्या मात्रा सारख्याच असतात. आलापीच्या तुकड्यांना ठेकाही नको, नुसता तानपुरा. हेडफोन बंद कपांचा घ्या. एक कान उघडा ठेवायची सवय असेल तर त्या बाजूचा आवाज बंद करा, नाहीतर ठेका माइकमध्ये शिरतो.

आणि संवाद ऐकवा. ही गोष्ट मला उशिरा सुचली. आधी मी सारंगीवाल्या काकांना नुसतं सांगत असे, इथे कमी, तिथे जास्त. ते वैतागायचे. एकदा मुलीचा आवाज त्यांच्या हेडफोनमध्ये सोडला. दोन आवर्तनं वाजवून काका मधेच थांबले. मला वाटलं तार उतरली.

"काका, काय झालं?"

"काही नाही रे बाप्पा. पोरगी बोलून राहिली ना. मी कसा वाजवू?"

पुढचा टेक त्यांनी जवळजवळ काहीच न वाजवता दिला. चार सूर. मालिकेत तोच लागला.

प्रत्येक तुकड्याचे तीन पूर्ण टेक घ्या, त्याशिवाय सुटे ठहराव, एक-एक मींड, वर जाणारी आणि खाली येणारी एकेक ओळ. खोलीच्या शांततेचे तीस सेकंदही, कूलर बंद आणि सगळे गप्प असताना. जोड लपवायला ती शांतता लागते. घड्याळ, बांगड्या, खिशातली किल्ली, मोबाइल, सगळं बाहेरच्या खोलीत.

मिक्स आणि सुपूर्द

मिक्स हळू आवाजात करा, संवाद वर लावून, आणि शेवटची तपासणी घरातल्या टीव्हीवर, कुकरची शिट्टी होत असताना. प्रेक्षक तसंच ऐकतो. टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून पेटीचा मंद्र षड्ज ऐकूच येत नाही, म्हणून त्याच्यावर मध्य सप्तकातला एक हलका सूर ठेवा. घुमारा थोडाच द्या. आधीच खोलीत रेकॉर्ड झालेल्या संवादाशेजारी दिवाणखान्याएवढा घुमारा खरा वाटतो, देवळाएवढा नाही.

लाउडनेसबद्दल गोंधळ होतो. प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस (आवाजाचा सरासरी जोर मोजायचं एकक) हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा आकडा आहे, पण तो अख्ख्या कार्यक्रमाचा. तुमच्या सुट्या थीम त्या आकड्यावर आणायची गरज नाही, आणि त्या लिमिटरनं (जोर एका मर्यादेवर अडवणाऱ्या साधनानं) चेपायची तर मुळीच नाही. अंतिम मिक्स करणाऱ्याला हलवायला जागा ठेवा. चॅनलचं तांत्रिक पत्रक निर्मात्याकडून मागून घ्या आणि त्याप्रमाणे फाइली द्या.

प्रत्येक थीम चार रूपांत द्या: पूर्ण, तालाशिवाय, फक्त मुख्य वाद्य आणि फक्त तानपुरा-पेटीचा आधार. सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या. फाइलच्या नावात थीमचा क्रमांक, पात्र, वाद्य, पट्टी आणि लय. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" अशी नावं संपादकाला दिलीत तर तो जे पहिलं दिसेल तेच लावेल.

कागद

करार वाचल्याशिवाय फाइली पाठवू नका. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली झालेली दुरुस्ती संगीतकारांच्या कामाची आहे. रॉयल्टीतला समान वाटा घेण्याचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला देऊन टाकता येत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं, सदस्यत्व घ्या, आणि कुठल्या भागात कुठलं संगीत किती सेकंद वाजलं याची क्यू शीट भरली जाते का ते विचारत राहा. वादकांना मात्र त्याच दिवशी पैसे द्या. निर्मात्याकडून आपले येतील तेव्हा येतील.

शेवटचं काम वहीचं. पूर्ण प्रकल्प, कच्च्या टेकसकट, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि वही त्यांच्याजवळच. आईची थीम करून दिल्यावर सात महिन्यांनी मला फोन आला: मुलीचं लग्न आहे, तीच थीम सनईवर हवी, परवापर्यंत. वही उघडली. "१८ मे, खोली २८, पांढरी तीन, बासरी सात सेंट वर, लय ६८.८." सनईवाल्या दादांना पट्टी फोनवरच सांगितली. ते आले आणि दहा बाय बाराच्या खोलीत पहिला सूर लावला तेव्हा खिडकीची काच थरथरली. मग माइक, लॅपटॉप, सतरंजी आणि एक ब्लँकेट घेऊन आम्ही पहाटे साडेपाचला गच्चीवर गेलो. डिसेंबर होता. कोकीळ गप्प होता, पण थंडीनं सनई खाली बसत होती. दोन टेकच्या मधे दादा ती शालीत गुंडाळून काखेत धरायचे.